नवनीतरावांना पाच शिखरांच्या धारेवर एकट्याने पाठवणेबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
(निवडणूक शाखा), तहसील कार्यालय, अक्राणी,
मु. धडगाव, जि. नंदुरबार

अर्जदार : गिरधर उखा पाटील, उपशिक्षक, रा. सारंगखेडा

विषय : पर्यवेक्षक श्री. नवनीत यांना डोंगरापलीकडच्या पाड्यावर फेरतपासणीस, धारेच्या वाटेने, एकट्याने पाठवणेबाबत.

संदर्भ : सदर नवनीत यांनी अर्जदारास चहाच्या टपरीवर दिलेला तोंडी आदेश.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार व श्री. नवनीत हे दोघेही प्राथमिक शिक्षक असून मतदार यादीच्या कामावर आहेत. कामात नवनीत वरचे, अर्जदार त्यांच्या हाताखालचा. घरी मात्र नवनीत हे अर्जदाराच्या पत्नीचे, सौ. शीला हिचे, धाकटे बंधू लागतात. हे नाते अर्जदाराने आजवर निमूटपणे निभावले आहे.

२. मार्च महिन्यात सदर पाड्यावर घरोघरी तपासणीस जाणे नवनीत यांच्या वाट्याला आले होते. ऐन वेळी त्यांचा गुडघा दुखू लागला. दुसऱ्या दिवशी अर्जदाराच्या एकुलत्या एका मुलीचा, आशाचा, साखरपुडा होता. हे त्यांना माहीत नव्हते असे नाही, सख्खा मामाच तो. तरीही त्यांनी अर्जदारास गाठून सांगितले, "दाजी, एकच टेकडी शे. दुपारले जेवाले घर यी जाशात." स्वतः ते त्या डोंगरावर कधीही गेलेले नव्हते. मेहुण्याच्या शब्दावर विसंबून अर्जदार निघाला.

३. सदर टेकडी एक नसून ती पाच शिखरांची सलग धार आहे. पहिल्या शिखरावर अर्जदाराने शर्ट झटकला, भांग पाडला व पाडा कुठे दिसतो ते पाहिले. समोर दुसरे शिखर दिसले. दुसऱ्यावर बाटलीतले पाणी संपले. तिसऱ्यापुढे धार इतकी अरुंद झाली की एक पाय या दरीत आणि दुसरा त्या दरीत सोडून, घोड्यावर बसल्यागत सरकत जावे लागले. अर्जदार सारंगखेड्याचा असूनही यात्रेतल्या घोड्यावर कधी बसलेला नाही. चौथ्याच्या उतारावर वाळल्या गवतावरून पाय सुटला आणि अर्जदार बसल्या बैठकीत बराच खाली आला. पँटचे जे झाले ते सोबत जोडले आहे. कागदांची पिशवी दातांत धरलेली असल्याने ओरडताही आले नाही. अर्जदार तेथे फार घाबरला, आणि त्यास आशाचा चेहरा आठवला. पाचव्या शिखरावर मात्र फक्त नवनीत आठवले.

४. पाड्यावर नानीबाई नावाच्या आजींनी अर्जदारास पाणी दिले, भाकर दिली. तपासणी उरकून अर्जदार लगेच परत निघाला असता त्यांनी वाट अडवली. धारेवरून एकटा आलेला माणूस एकटा परत पाठवायचा नाही, सोबत दोन गडी द्यायचे, अशी तेथली रीत आहे. गडी बाजाराला गेलेले होते, ते दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला परतले. मोबाईलला रेंज नव्हती. नानीबाईंविरुद्ध अर्जदाराची काहीही तक्रार नाही. त्यांनी अडवले म्हणूनच हा अर्ज लिहायला अर्जदार हयात आहे.

५. इकडे साखरपुडा पार पडला. मुलीच्या बापाच्या पाटावर नवनीत बसले. नारळ त्यांनी घेतला, व्याह्यांना मिठी त्यांनी मारली. दुखरा गुडघा दुमडून, मांडी घालून ते हसत बसलेले फोटोत स्पष्ट दिसतात. त्याच फोटोत आशा दाराकडे बघते आहे. तो फोटो बैठकीत लावलेला आहे. अर्जदार रोज त्याच्यासमोर चहा पितो, पण चहा गोड लागत नाही.

६. सबब विनंती की, नवनीत यांना त्याच पाड्यावर, त्याच धारेने, एकट्याने पाठवावे. जीप देऊ नये. शिखरे किती ते कळवू नये, विचारल्यास एकच टेकडी आहे असे सांगावे. तारीख १४ मे असावी. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाल्यानंतर त्या दिवशी आशाचे लग्न आहे. मंगलाष्टकांच्या वेळी तिच्यामागची मामाची जागा रिकामी राहील, आणि अर्जदार ती डोळे भरून पाहील.

७. अर्जदाराचे अक्षर बरे नसल्याने हा अर्ज आशा लिहून देत आहे. वरील कलम लिहून होताच तिने पेन खाली ठेवला व म्हणाली, "बाबा, मामा मन्हा मांगे उभा नही ऱ्हायना ते मी मांडवमा येवाव नही." अर्जदाराने पुष्कळ समजावले, ती बधली नाही. एकदा ती दाराकडे बघत राहिली होती, तिला पुन्हा तसे बघायला लावणे अर्जदारास जमणार नाही. तरी कलम ६ मधील तारीख १५ मे, वेळ पहाटेची, अशी वाचावी. आदल्या रात्री मामा या नात्याने नवनीत वरातीत बँडपुढे उजाडेपर्यंत नाचतील. त्यांना बसू न देण्याची जबाबदारी अर्जदाराने स्वतः घेतली आहे.

आपला नम्र, परंतु काहीही न विसरलेला,
(सही)
गिरधर उखा पाटील
दि. २१ एप्रिल २०२५

सोबत :
१) पँट (मूळ. साक्षांकित प्रत काढता आली नाही.)
२) साखरपुड्याचा फोटो, गुडघ्याभोवती लाल खूण केलेला
३) लग्नपत्रिका. आपण सहकुटुंब यावे, आणि आदेश खिशात घेऊन यावे.