आई उंबऱ्यावरच थांबली

इसाफ्योर्दुर, ३ ऑक्टोबर

ती. सालोमेताईस आल्दाचा सा. न. वि. वि.

फोन उचलत नाही म्हणून रागावली असशील. तू रक्ततपासणीचं काढतेस आणि मला लगेच हवामानाचं बोलायला सुचतं. पत्रात निदान तुला मला मधेच तोडता येत नाही.

परवा पहाटे आई स्वप्नात आली. हिरवा कोट, ओले बूट, उंबऱ्यावर उभी. आज तुझ्याकडे राहू का गं, असं विचारत होती. गेलेलं माणूस गरोदर बाईला असं विचारतं ते बाळाला आपलं नाव ठेवा म्हणून, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आणि मी दार लावून घेतलं! थोरा हे तिचं नाव ठेवलं तर नावाबरोबर तिचा कॅन्सरही येईल, असं वाटलं गं. बेचाळिसाव्या वर्षीच गेली ती. आता मन खातंय.

लोभ आहेच, ओरडून कमी करू नकोस.

आल्दा

रेक्याविक, ९ ऑक्टोबर

चि. आल्दास अनेक आशीर्वाद.

वेडाबाई, दुखणं नावातून येत नाही, रक्तातून येतं. डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं ते असं. शरीरातले धागे रोज उसवतात आणि रोज रफू होतात. ते रफू करणाऱ्या एका जनुकाची बिघडलेली प्रत आजोबांकडून आईला आली, आईकडून मला. तुला आली असण्याची शक्यता निम्मी. आली म्हणजे कॅन्सर होतोच असं नाही, पण धोका कितीतरी वाढतो. आईला हे कुणी सांगितलंच नाही. मला कळलं, मी छातीची शस्त्रक्रिया करून घेतली. आता स्वेटर ढगळ होतात, एवढंच. खोटं कशाला बोलू, खूप रडले होते.

तपासून घे. बाळाच्या तपासणीचं ते मोठं झाल्यावर बघेल. रुबार्बचा मुरंबा पाठवलाय, सगळा नवऱ्याच्या घशात जाऊ देऊ नकोस.

चिडलेली, तरी तुझीच,
सालोमे

इसाफ्योर्दुर, ३० नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

तपासलं. माझ्यातही आहे ते. दिवसभर खिडकीतून पाण्याकडे बघत बसले. नवऱ्याने मासे-बटाटे शिजवले, खारट झाले होते, तरी दोघांनी संपवले. बाळंतपण झालं की नेमाने तपासण्या, मग तुझ्यासारखं काय ते ठरवू. भीती वाटते, पण तू आहेस.

काल दुपारी डोळा लागला आणि आई पुन्हा आली. बूट तसेच ओले. या वेळी मीच म्हटलं, ये, राहा. मुलगी झाली तर थोराच. बारशापर्यंत मात्र कुणाकडे बोलू नकोस.

आई आत आली, बूट काढले आणि आधी काय विचारलं असेल? सालोमे किती वर्षांची झाली, म्हणून. पंचेचाळीस, मी सांगितलं. तशी पोरीसारखी हसली. म्हणाली, म्हणजे माझ्याहून मोठी झाली की!

अशीच मोठी होत राहा. लोभ आहेच.

तुझी,
आल्दा