कुंकू पिंजऱ्याला

सिस्टर,

तुमच्या कोंबड्यांच्या खुराड्याच्या दारात फिनेलात भिजवलेलं गोणपाट असायचं. आत जाणाऱ्या प्रत्येकीने त्यावर पाय घासायचे, मग ती मदर सुपीरिअर असो की पाचवीतली मुलगी. मध्यंतरी नेवाशाकडच्या एका गावात देशी कोंबड्यांच्या प्रदर्शनाला गेले होते. मांडवाच्या तोंडाशी उभी राहून मी आपोआप खाली पाहिलं, तर तिथे लाल गालिचा होता. पाहुण्यांसाठी. त्याच गालिच्यावरून घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातून थेट आलेली माणसं, त्यांच्या चपला आणि बाजारातले न धुतलेले पिंजरे आत चालले होते. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या क्षणी तुमची आठवण आली ती प्रेमाने नाही, रागाने. ही नजर तुम्ही दिलीत, आणि मग ती वापरायला मला एकटीला सोडून गेलात.

आमच्या घरात अंडं हा शब्दसुद्धा कोणी उच्चारत नसे. आजोबा भिक्षुकी करणारे, वडील कोर्टात कारकून. मला श्रीरामपूरच्या कॉन्व्हेंटात घातलं ते इंग्रजीसाठी, आणि मी शिकले कोंबड्या. शाळेतून आले की आई मोरीत उभी करून डोक्यावरून पाणी ओतायची. तिला वाटायचं ती विटाळ धुते आहे. मला वाटायचं हेही सिस्टरांच्या नियमातलंच. दुपारच्या सुट्टीत तुम्ही पुढे, मी मागे. आधी पिल्लं, मग अंड्यावरच्या कोंबड्या, मग कपडे धुण्याच्या दगडापलीकडे एकटी ठेवलेली नवी कोंबडी, आणि सगळ्यात शेवटी आजारी. आजारी कोंबडीकडून परत पिल्लांकडे वळायचं नाही. मी विचारते, ही नवी तर चांगली दिसते आहे, मग एकटी का? तुम्ही तुमच्या मंगळुरी मराठीत म्हणता, “दिसते चांगली. तू पण दिसतेस चांगली. बघू थोडे दिवस.”

मी आठवीत असताना कोंबड्यांत मानमोडीची साथ आली. सकाळी कोंबड्या माना वाकड्या करून गोल फिरत होत्या, आणि दोन-तीन दिवसांत खुराडं रिकामं झालं. तुम्ही रडताना मला दिसला नाहीत. फाटकावर खडूने पाटी लिहून टांगलीत, की आमच्या कोंबड्यांना आजार आहे, आत येऊ नये. मग कपडे बदलून, पाय धुऊन, ज्या ज्या घरी तुम्ही पिल्लं दिली होतीत त्या घरांच्या रस्त्यावर उभ्या राहून सांगितलंत. एका घरातली बाई तुम्हाला नको ते बोलली. मी तेव्हा विचारलं, कोणाला कळलंही नसतं, मग आपणहून का सांगायचं? तुम्ही उत्तर दिलं नाहीत. ते उत्तर काय असेल याचं कुतूहल मला टेलिफोन ऑफिसातल्या सगळ्या नोकरीत होतं, आणि निवृत्तीनंतर गावाबाहेर जागा घेऊन असील जातीच्या कोंबड्या पाळायला लागले तेव्हाही होतं.

तर प्रदर्शन. भरवलं होतं गावातल्या महिला बचत गटाने, आणि माणसं हौशी होती, हे आधी सांगते, कारण पुढे मी बरंच बोलणार आहे. पिंजरे एकाला एक चिकटून, पाणी एकाच बादलीतून, त्याच तांब्याने. कोणी कोंबड्याच्या तुऱ्याला तेल चोळत होतं, कोणी चुकीच्या रंगाचं पीस हळूच उपटून खिशात घालत होतं. मी तरी कुठली साधी? माझ्या कोंबड्याच्या पायांना घरून निघतानाच खोबरेल लावलं होतं. उंच मान, मोत्यासारखा डोळा. आजूबाजूचे वळून बघत होते आणि मला ते आवडत होतं. माझा पिंजरा रांगेच्या शेवटी होता. बसल्या बसल्या मी विचार करत होते की यात खोटेपणा नेमका कुठून सुरू होतो. तेल चालेल. पीस उपटलं तर? आणि नाक गळत असेल तर ते पुसून पिंजऱ्यात ठेवणं हे तेलासारखं की पिसासारखं?

तेवढ्यात गटाच्या अध्यक्षीणबाई ओवाळणीचं ताट घेऊन निघाल्या. खरंच. परीक्षकांच्या आधी प्रत्येक कोंबड्याला ओवाळत होत्या, आणि कुंकवात बोट बुडवून त्याच्या तुऱ्यावर टेकवत होत्या. पहिल्याच्या तुऱ्यावर, मग कुंकवात, मग दुसऱ्याच्या. कोंबड्यांना देवी येते तेव्हा फोड तुऱ्यावरच येतात, सिस्टर. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, “कुंकू लावा, पण पिंजऱ्याला लावा.”

त्या थांबल्या. “पिंजऱ्याला कशाला? पिंजरा काय नंबरात येनार हाय?”

आजूबाजूचे हसले. मी बोट, तुरा, देवी, कॉन्व्हेंटातले तुमचे नियम, सगळं समजावून सांगितलं. टेलिफोन ऑफिसातला माझा आवाज अजून शाबूत आहे. मांडवभर ऐकू गेलं असावं.

“लई विचार करता तुमी मॅडम,” त्या म्हणाल्या, रागावून नाही. “दारात आलेल्याला ओवाळल्याबिगर आमी बसवत न्हाई. तुमाला कुंकू चालत न्हाई का? कॉन्व्हेंटातल्या ना तुमी?”

“कुंकू चालतं. बोट चालत नाही.”

यावर मात्र त्या स्वतःच हसल्या आणि पुढच्या पिंजऱ्याच्या दांडीला कुंकू लावलं. मी जिंकले असं मला वाटलं. खाली बसले, आणि माझा कोंबडा शिंकला.

एकदाच. छोटीशी, फट् अशी, मान झटकून. कोणाचं लक्ष नव्हतं. मी वाकून पाहिलं. डोळा स्वच्छ, नाक कोरडं. मांडवात धूळ होती, उदबत्तीचा धूर होता. तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात, हे मला इतकं स्पष्ट ऐकू आलं की राग आला. दिसतो चांगला. बघू थोडे दिवस. ताट माझ्या पिंजऱ्यापाशी पोचलं तेव्हा मी पिंजरा उचलून मांडवाबाहेर निघाले होते.

“आता काय झालं?”

“शिंकला.”

“येकदा? मानूस बी शिंकतंय की.”

“माणसाला मी प्रदर्शनात मांडत नाही,” मी म्हटलं, पण या वेळी कोणी हसलं नाही, आणि मला अजून उरलेलं काम करायचं होतं, शेजाऱ्यांना सांगायचं. पिंजरा बाहेर सावलीत ठेवून, हात धुऊन परत आत आले. माझ्या शेजारी खर्डा गावाकडचे एक शेतकरी होते. इतक्या लांबून आलेले, आणि त्यांचा तांबूस कोंबडा माझ्या कोंबड्यानंतर सर्वांत देखणा. मी त्यांना सांगितलं, माझा शिंकला आहे, तुमचा त्याला लागून होता, घरी गेल्यावर बाकीच्यांत सोडू नका, थोडे दिवस वेगळा ठेवा. त्यांनी आपला पिंजरा जवळ ओढला. मग म्हणाले, “बाई, नंबरासाठी भ्या दावता का मला?”

त्यांना तसं वाटणं चूक नव्हतं. सकाळपासून मी मांडवात कटकटी बाई म्हणूनच ठरले होते. मी म्हटलं, माझा तर मी बाहेर काढला आहे, मला कसला नंबर. यावर त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. “मंग हे आदी का न्हाई सांगितलं? माज्या घरी दोनच नर हायत ह्या जातीचे. दुसरा म्हातारा झालाय.” ती जात त्यांच्या आजोबांपासून घरात होती. ह्याला काही झालं तर संपली. मी त्यांना माझा फोन नंबर दिला. त्यांनी तो घेतला, पण नमस्कार न करता वळले. त्या दिवशी पहिला नंबर त्यांच्याच कोंबड्याला मिळाला. पाहुण्यांनी एकेकाने तो हातात घेऊन फोटो काढले. मी दुरून पाहिलं आणि तोंड बंद ठेवलं. माझ्या आयुष्यात हे फार वेळा झालेलं नाही.

घरी आल्यावर माझा कोंबडा पत्र्याच्या शेडमध्ये एकटा. सगळ्यांचं आवरून शेवटी त्याच्याकडे जायचं, तिथून मागे वळायचं नाही. रोज त्याच्यासमोर बसून मी ऐकत असे. दरम्यान खर्ड्याहून फोन आला. तांबूस कोंबडा कांदे साठवायच्या चाळीत वेगळा ठेवला होता. “दिसभर कोकलतंय. मालकीन मला बोल लावती, नंबर आनला आन् कैद केलं. तुमचा कसा हाय?” मी म्हटलं, अजून बघते आहे. ते म्हणाले, बघा, मी बी बघतो. पुढे त्यांचा फोन अधूनमधून येत राहिला, आणि प्रश्न तोच. एकदा त्यांनी विचारलं, “बाई, तुमी सांगितलंच नसतं तर मला काय कळनार हुतं? का सांगितलं?” सिस्टर, हा तर माझाच आठवीतला प्रश्न. मी म्हटलं, तुम्ही शेजारी होतात. ते एवढंच होतं का? तुमचंही एवढंच होतं का?

अध्यक्षीणबाईंचाही निरोप आला, की पुढच्या खेपेला ताट पिंजऱ्यालाच ओवाळणार, पण मी उगीच आरडाओरडा करायचा नाही. दारातल्या गोणपाटाचा विषय मी अजून काढलेला नाही. एका वेळी एक.

माझा कोंबडा ठणठणीत आहे. पुन्हा एकदाही शिंकला नाही. ती धूळच होती, किंवा उदबत्ती. काल पहाटे शेडमधल्या आडव्या बांबूवर चढून असा आरवला की मला त्याला बाहेर सोडणं भाग पडलं, आणि तो इतरांत जाऊन मिसळला तेव्हा मला आनंद व्हायच्या आधी, अगदी क्षणभर, वाईट वाटलं. थोडा तरी आजारी निघायला हवा होता, असं वाटलं. हे तुम्हाला सांगता येतं, म्हणून सांगते.

आणि खर्ड्याला मी अजून फोन केलेला नाही. तिथे कांद्याच्या चाळीत एक कोंबडा माझ्या शब्दावर एकटा बसला आहे. कालपासून मी आधी भांडी घासली, मग दिवाण आवरला, मग तुम्हाला हे लिहायला बसले. तुम्ही वाईट बातमी घेऊन दारोदार गेलात. माझ्याकडे चांगली आहे, आणि ते गृहस्थ हसतील म्हणून ती माझ्याने सांगवत नाही.