सुनंदाची पकड

न्हावरे, रविवार. डिसेंबर १९९९

साहस शिबिराहून पोरांना घेऊन परतले. काल कड्यावरून दोरानं उतरताना वर्गातली मोठमोठी पोरं रडकुंडीला आली, सुनंदा तेवढी हसत उतरली. दोर अगदी सैल धरलेला. विचारलं, भीती नाही वाटली? तर म्हणाली, "हितं कशाला भ्यायचं, बाई? हितं आप्पा न्हाईत."

मी पुढं काही विचारलंच नाही. का नाही विचारलं?

आज एसटीतून उतरलो तर तिचे आप्पा फाट्यावर उभेच. हात जोडून म्हणाले, "पोर धीट झाली का, बाई?"

"झाली की," मी म्हणाले.

सुनंदानं माझा हात घट्ट धरला होता. दोर इतका सैल धरणारी पोर! तिची बोटं मीच एकेक करून सोडवली.