कुहिली आणि पांढरे उंदीर

११ फेब्रुवारी १९७४, जळगाव

उठले! सहाच्या सहा उंदीर उठले!

सकाळी सर्पगंधेचं इंजेक्शन दिल्यावर पाठीला कुबड काढून, थरथरत, जागच्या जागी बसले होते. ढकललं तरी पाय टाकत नव्हते — अगदी आबांसारखे. मग खाजकुहिलीच्या बियांचं पीठ शिजवून नळीने पाजलं. पाऊण तासात एकाने मिशा हलवल्या, दुसरा तर चक्क पिंजऱ्याची जाळी चढला!

छाजेड सर स्वतः बघायला आले. त्यांचं काम मेंदूतल्या लोखंडाचं. ते लोखंड दिसावं म्हणून उंदराच्या मेंदूचे काप निळे रंगवत बसतात. माझ्या कुहिलीला 'झाडपाल्याचं खूळ' म्हणायचे. आज म्हणाले, "मिस भारंबे, परत करून दाखवा." दाखवीन की! साधी डेमॉन्स्ट्रेटर असले म्हणून काय झालं?

१२ फेब्रुवारी

पहूरहून पत्र. आबांना जीवराम वैद्य दसऱ्यापासून हेच कुहिलीचं चूर्ण देताहेत. पण हात तसाच थरथरतो, पाऊल उचलत नाही, आता घाससुद्धा माय भरवते. वैद्य म्हणतात, गुण नाही, होळी झाली की बंद करू.

बंद? उंदरांना गुण येतो आणि माझ्या बापाला नाही? लगेच कळवलं — मी येईपर्यंत काही बंद करायचं नाही!

१९ फेब्रुवारी

नाक कापलं. सरांसमोर सहांपैकी एकही हलला नाही. सर हसले असते तरी परवडलं असतं. नुसते म्हणाले, "योगायोग होता."

२० फेब्रुवारी

जेवले नाही.

२२ फेब्रुवारी

सापडलं!

पीठ शिजवतात त्या आमच्या झुंबरबाई, प्रयोगशाळेतल्या मदतनीस. आज डोकावले तर पीठ काळंकुट्ट. "अहो, हे काय?" तर म्हणे, "ताई, जर्मनच्या पातेल्याले भोक पडलं. मंग मी घरून लोखंडी कढई आनली. लोखंडातलं अंगी लागते!"

खेकसणार होते — तेवढ्यात डोक्यात उजेड पडला. कुहिलीचं पाणी घेतलं, त्यात चिमूटभर हिराकस टाकला. हिराकस म्हणजे लोखंडाचंच मीठ. पाणी काळंठिक्कर! लोखंड कुहिलीतलं औषध पोटातच धरून ठेवत असणार, मेंदूपर्यंत पोचूच देत नसणार. झुंबरबाईंना मिठीच मारली. बाई घाबरल्या.

२६ फेब्रुवारी

सहा उंदरांना काचेच्या भांड्यात शिजवलेलं, सहांना कढईतलं. पहिले सहा पळत सुटले. दुसरे सहा ढिम्म! सरांनी दोनदा पडताळून बघितलं. मग सगळ्या पोरांसमोर म्हणाले, "मी वीस वर्षं लोखंड बघतोय. हे मला नाही सुचलं."

पहूरच्या भारंब्यांची पोर आहे म्हटलं! निबंधावर माझं नाव आधी, सरांचं नंतर — सर स्वतःहून म्हणाले. अंगावर मूठभर मांस चढलं. आता आबा! मायची ती मोठी लोखंडी कढई — दुसरं काय असणार? होळीला जाते आणि माळ्यावर टाकून येते.

७ मार्च, पहूर

एसटीतून उतरले ती थेट चुलीपाशी. माय म्हणाली, "येडी का काय तू! चूर्न शिजवते का कोनी? काशाच्या वाटीत, दुधातून देते मी." वाटी बघितली. काशाचीच. दूध घरच्या गाईचं. मग चुकतंय कुठे?

आबांना उंदरांची गोष्ट सांगितली. जीभ जड झाली आहे, तरी हसले. शेजारच्या कौतिकभाऊंना बोलावून परत सांगायला लावली. मग कौतिकभाऊंच्या सुनेला. डोळ्यांत नुसतं कौतुक. मला मात्र त्यांच्या हाताकडे बघवत नव्हतं.

८ मार्च

सकाळी समोरच बसले. मायने वाटी तोंडाशी धरली. आबांनी उशाखालून बाटली काढली आणि त्या दुधाबरोबरच एक लाल गोळी गिळली. ताकदीची. लोखंडाची! गणपतीत पहिल्या पगारातून मीच पाठवली होती ती बाटली — पाठवली आणि विसरले. संपली की आबा जामनेरहून तीच मागवतात.

मी हात पुढे केला. आबांनी बाटली छातीशी धरली.

"नाई देत. माह्या पोरीनं धाडली."