तरसांचं घर

३ मार्च

पुन्हा तीच! दिग्दर्शक आज दोनदा तिच्या टेबलापाशी थांबले. माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

खारूताई — हे नाव मी मनातल्या मनात ठेवलंय. दिवसभर शेंगदाणे कुरतडत चित्रं काढते म्हणून. रुजू होऊन सहा आठवडे झालेत बाईला. आणि मी? दोन वर्षं आमच्या कार्टूनपटातल्या या प्राण्यांच्या शहरात मान मोडून बसलेय. प्रत्येक इमारतीला तीन दारं — उंदराचं, शेळीचं, हत्तीचं. रस्त्यावरचे नळ तीन उंचींवर. जिराफाच्या घराला वरचा मजलाच नाही, नुसती उंच खिडकी! हे सगळं माझं. कौतुक कशाचं, तर तिने काढलेल्या पायपुसण्याचं! "खुरांसाठी वेगळं, पंजांसाठी वेगळं — बघितलंत?" बघितलं हो.

पायपुसणं चांगलं होतं. म्हणूनच जळफळाट झाला.

५ मार्च

सर्दी. घरीच. आज तिला काय काय सुचलं असेल, देव जाणे.

९ मार्च

शहराचा माझा नकाशा भिंतीवर लागला. बेचाळीस प्राणी, बेचाळीस वस्त्या. सगळे वा वा करत होते. खारूताई बराच वेळ बघत राहिली, मग हळूच — "तरस कुठे राहतात?"

आमच्या गोष्टीतले तरस रस्ते झाडतात, ओझी उचलतात. कुणाचं काही हरवलं की पहिला संशय त्यांच्यावर. आणि त्यांना घर द्यायचंच राहून गेलं! माझ्याकडून! कानशिलं तापली. म्हटलं, "चुकलंच. उद्या एका कोपऱ्यात बसवते."

दिग्दर्शकांनी टेबलावर थाप मारली. "मुळीच नको! त्यांना कुणी घरच देत नाही — हीच तर गोष्ट आहे!" आणि तो प्रसंग लिहायला दिला कुणाला? तिला. चूक माझी, शाबासकी तिला.

१० मार्च

शहराच्या कामाचं प्रमुख कोण, ते शुक्रवारी ठरणार. माझी मोठी बहीण फोनवर म्हणाली, "अगं, कशाला रक्त आटवतेस?" तिला काय जातंय बोलायला! माझ्या शहरापुढे खारूताईचं नाव लागलं, तर मी तो चित्रपट बघणारसुद्धा नाही.

१३ मार्च

मीच प्रमुख! मी!

नंतर कळलं, माझं नाव तिनेच सुचवलं. म्हणजे मोठेपणाही तिचाच. हातातला पेढा तसाच डब्यात परत ठेवला.

१६ मार्च

तिने लिहिलेला प्रसंग आला. खरा आवाज नंतर भरतात, तोवर कुणीतरी वाचायचं असतं. घरमालकीण शेळी माझ्या वाट्याला आली. "खोली रिकामी आहे हो, पण तुमच्या लोकांना कसं ठेवणार? राग मानू नकोस हं, तू तशी वाटत नाहीस." एका दमात वाचलं, कुठेही न अडखळता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने नाही.

रुजू झाली त्याच आठवड्यात ती आमची वरची खोली भाड्याने मागायला आली होती. वाक्य माझंच आहे, शब्दन् शब्द.

त्या दिवशीचं मी इथे काहीच लिहिलं नव्हतं.