परत, बाई

बाई, तुम्हाला एक सांगायचं राहून गेलं आहे. पण त्याआधी तुमची थोडी थट्टा करून घेते, कारण तुम्ही होतात तेव्हा ती करायची माझी छाती नव्हती. नाटक बसवताना तुमच्या तोंडी एकच शब्द असायचा, 'परत'. ओळ चुकली, परत. ओळ बरोबर आली पण मान खाली राहिली, परत. दापोऱ्याहून शिकायला आलेली माझी मैत्रीण, केळीवाल्या शेतकऱ्याची मुलगी, तुमच्या मागे तुम्हाला 'परतबाई' म्हणायची. तुम्हाला ते माहीत असावं. कारण एकदा ती म्हणाली आणि तुम्ही वळून न बघताच नुसत्या हसलात.

नवं राज्य होऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. नागपूरला जाणारे शाळेचे कागद भोपाळला जायला लागले होते, आणि मराठी राहणार की हिंदी येणार यावर शिक्षकांच्या खोलीत रोज वाद चालायचा. शनवारा पेठेतल्या त्या शाळेत महारवाड्यातून येणारी मी एकटीच. राज्यघटनेने आपल्याला काय दिलं, असं तुम्ही मला उभं करून विचारलंत. उत्तर मला पाठ होतं, पण घसा इतका कोरडा पडला होता की आवाजच फुटेना. 'तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?' तुम्ही कडाडलात.  मग दापोऱ्याची उठली आणि म्हणाली, 'बाई, शिपाई आज आलाच नाय. तिले पाणी कोन देईन?' बाकीच्या मुली माठातून घेऊन प्यायच्या. मला मात्र शिपायाने वरून ओतलं तरच, तेही ओंजळीत. तुम्ही नवीन होतात, तुमच्या हे लक्षातच आलं नव्हतं. तुम्ही हातातला खडू खाली ठेवलात. स्वतःच जाऊन मला पाणी आणून दिलंत, आणि आम्हाला वाटलं, विषय संपला.

दोन-चार दिवसांनी तुम्ही नाटक घेऊन आलात. हेडमास्तरांना गॅदरिंगसाठी रामाचा एखादा प्रसंग हवा होता. तुम्ही म्हणालात, पुढच्या वर्षी. नाटक तरी केवढं! नदीवरच्या राजघाटाकडून उन्हातून आलेली, आमच्यासारख्या वस्तीतली एक बाई एका घरापुढे पाणी मागते. घरातली सून तांब्या तिच्या हातात देते आणि ती तो तोंडाला लावून पिते. बाई मी, सून दापोऱ्याची. तालमी रिकाम्या तांब्यावर झाल्या. रिकामा तांब्या ती मला झोकात द्यायची आणि मी तो गटागटा प्यायची. शेवटी तुम्हालाही 'परत' म्हणायला काही उरलं नाही.

गॅदरिंगच्या दिवशी तुम्ही घरचा पितळी तांब्या आणता आणि त्यात खरंखुरं पाणी भरता. पडदा सरकतो. समोर शनवाऱ्यातली माणसं, पार मागे दाराशी माझी माय उभी. मी पाणी मागते. दापोऱ्याची तांब्या घेऊन येते, आणि आत पाणी हलतंय म्हटल्यावर तिचा हात आपोआप वर जातो. मी मटकन खाली बसते आणि ओंजळ तोंडाशी धरते. पाणी वरून पडतं, मी पिते. आपण काय करतोय हे आम्हा दोघींना कळत नाही. समोरच्यांनाही काही वावगं दिसत नाही. बघून बघून डोळ्यांना सवय झालेलं, घडतं तसंच घडलेलं. माय तेवढी मान खाली घालते.

आणि पडद्याआडून तुमचा आवाज येतो, तालमीत यायचा तसाच खणखणीत. 'परत!'

सगळे हसले. आम्ही दोघी चपापलो. दापोऱ्याची आत गेली, पुन्हा बाहेर आली. या वेळी तिने तांब्या छातीपाशी घट्ट धरला होता आणि तो तिने सरळ माझ्या हातात दिला. मी उभी राहिले. तांब्याला ओठ लावले तेव्हा हसणं थांबलं. दोघं-तिघं उठून गेले, खुर्च्या सरकल्याचा आवाज मला आला. मी मुद्दाम सगळा तांब्या रिकामा केला. बाई, असं पाणी मी पुन्हा कधी प्यायले नाही.

नाटक संपल्यावर तुम्ही तो तांब्या माझ्याच हातात ठेवलात. 'तुला,' म्हणालात. मी नाचत घरी आले. मायने तो उलटासुलटा करून बघितला. 'बक्षीस नाय हे,' ती म्हणाली. 'त्यायच्या घरात आता चालत नसीन हा लोटा, म्हनून देला तुले.' मी भांडले, रडले, जेवले नाही. सकाळी बघते तर मायने तांब्या चिंचेने घासून लख्ख केलेला. 'जाय, देऊन ये. त्यायनं ठेवून घेतला, तं मी मानीन तुह्या बाईले.' तुमच्या गल्लीपर्यंत मी काय काय नवस बोलले ते विचारू नका. तुम्ही खोट्या निघाला असतात तर मला शाळाही नको होती.

दार तुम्हीच उघडलंत. तांब्या बघितलात आणि तुमचा चेहरा उतरला. आतून सासूबाईंनी विचारलं, 'कोण आहे गं?' तुम्ही तांब्या पदराखाली घेतलात आणि म्हणालात, 'कोणी नाही, शाळेतली मुलगी आहे.' अख्ख्या शनवाऱ्याला न घाबरणारी बाई, आणि स्वयंपाकघराला घाबरली! मला रडू यायला हवं होतं. पण मला तुमची इतकी माया आली की काय सांगू. माझ्या तोंडून हळूच निघून गेलं, 'परत, बाई.'

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग पदराखालून तांब्या बाहेर काढलात, आत वळलात आणि मोठ्याने म्हणालात, 'काल नाटकात पाणी प्यायली ना, ती मुलगी आहे. आपला तांब्या परत द्यायला आलीय.' आणि मला म्हणालात, 'आत ये गं.' आत भांडं आदळलं. तुम्ही माठातून तांब्या भरलात, वरून न पिता तोंड लावून निम्मा प्यायलात, उरलेला माझ्यापुढे धरलात आणि माझं पिऊन झाल्यावर तो माठावर पालथा घातलात. तुमच्या सासूबाईंनी त्या दिवसापासून आपलं पाणी वेगळं भरायला सुरुवात केली, ते मला पुढे दापोऱ्याच्या मैत्रिणीकडून कळलं. तुम्ही कधी बोलला नाहीत.

'ठेवला?' मायने विचारलं. मी म्हटलं, ठेवला. 'कुठी?' माठावर.  पुढच्या गॅदरिंगला माय दाराशी उभी राहिली नाही. पहिल्या रांगेत जाऊन बसली, आणि रामाचा प्रसंग असूनही शेवटपर्यंत बसली.

हे पत्र टाकायचं कुठे, हा प्रश्नच नाही; घडी करून उशीखाली ठेवीन. पण कबूल करायचं ते करते. या उन्हाळ्यात मी राजघाटावर गेले होते. वाटेत पाणपोईवर एक मुलगी बसली होती. तिने लांब दांड्याचं ओगराळं वर उचललं मात्र, आणि माझे हात ओंजळ करून तोंडाशी गेलेसुद्धा. एवढं शिकले, एवढ्या मुलींना शिकवलं, तरी हातांना काही कळलं नाही. 'आजी, गिलास है ना, लो,' ती म्हणाली. मी ताठ उभी राहिले, गिलास हातात घेतला, तोंड लावून रिकामा केला आणि तिला म्हटलं, 'परत.'

तिला वाटलं, म्हातारीची तहान भागलेली नाही. नव्हतीच, बाई.