काठवटीची गिटार

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. सकाळी ९

ठरलं म्हणजे ठरलं. २० एप्रिलला जवळच्याच वाशीला मेव्हण्याचं, दिग्विजयचं लग्न. वरातीत बँजो पार्टीच्या गाडीवर उभा राहून मी इलेक्ट्रिक गिटार वाजवणार. खाली सासरे, आण्णासाहेब, बघत उभे राहणार. सतरा वर्षं झाली, पाहुण्यांना ओळख करून देताना हा माणूस म्हणतो, हे आमचे जावई, कळंबला गिरणी आहे. माझं नाव योगीराज आहे हे सांगत नाही. गिरणी सांगतो. आता सांगा म्हणावं!

पार्टी आमच्याच गल्लीतल्या बालाजीची. ऑर्डर सासऱ्यांचीच, त्यामुळं त्याला न्हाय म्हणता येईना. एवढंच म्हणाला, शेठ, रोज दोन तास हात बसवा. म्हटलं, बसवतो. उद्यापासून.

३ फेब्रुवारी

गिटार आली. स्ट्रॅट म्हणतात त्या डिझाइनची कॉपी. पांढरी, दोन शिंगं, पोटावर तीन पिकअप. पिकअप म्हणजे लोहचुंबकाला तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. वरची स्टीलची तार हलली की खाली करंट तयार होतो आणि ॲम्पमधून आवाज होऊन निघतो. मान चार स्क्रूंवर बसवलेली. आवाज स्वच्छ, खणखणीत, असं व्हिडिओत सांगितलं.

आज नुसती लावून बघितली. प्रॅक्टिस उद्या.

९ फेब्रुवारी

बोंबला. सारखा गुंऽऽऽ आवाज येतो. हात लावला तरी येतो, नाही लावला तरी येतो. चार दिवस वायर बदलण्यात गेले. शेवटी कळलं, पलीकडं गिरणीची मोटर फिरतीय आणि सिंगल कॉइल पिकअप तिचा सगळा गोंगाट ओढून घेतोय. म्हणजे माझा दोष नाही, डिझाइनचा आहे.

शिवरंजनी म्हणाली, अहो, दुपारी गिरणी बंद असती तेव्हा वाजवा की. बायकोचं नाव रागाचं, पण साउंडमधलं काडीचं कळत नाही. दुपारी मी झोपतो.

१६ फेब्रुवारी

प्रॅक्टिस शून्य तास. अभ्यास अकरा तास. (व्हिडिओ.)

उत्तर सापडलं: हमबकर. दोन कॉइल शेजारी शेजारी, एकमेकींच्या उलट. दोघींनी पकडलेला गोंगाट एकमेकीला मारतो आणि तारेचा आवाज मात्र भरदार होऊन येतो. नवरा-बायकोचं असंच पाहिजे. आमच्यात दोन्ही कॉइल एकाच दिशेनं गुंडाळलेल्या.

२३ फेब्रुवारी

धाराशिवच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुनी काळी लेस पॉल टाइप गिटार उचलली. दोन हमबकर, जाड लाकूड, मान सरसानं कायमची चिकटवलेली. म्हणून सूर लांब टिकतो. वजन एवढं की एसटीत मांडीवर घेऊन आलो तर कळंब स्टँडवर उठताच येईना, कंडक्टरनं हात दिला.

लावली. मोटर चालू. गुंऽऽ नाही! जिंकलो. उद्यापासून दोन नाही, तीन तास.

२ मार्च

सूर लांब टिकतो हे खरंय. चुकलेलाही तेवढाच टिकतो. हे व्हिडिओत कुणी सांगत नाही. आज सकाळी एक चुकला तो संपता संपेना झाला. दळण घेऊन आलेल्या कडूबाई दारातच थांबल्या. म्हणाल्या, मोटर जळायली का काय, बघा वो जरा.

आत शिवरंजनीनं ती अंगणाची म्हण निम्मीच म्हटली. निम्मी सृष्टीनं पुरी केली. पोरगी नववीत आहे, जीभ बारावीत.

९ मार्च

बालाजीकडं ट्रायल. त्याच्या पार्टीतला बँजो धुळाप्पा वाजवतात. साठीचा माणूस, मेंढरामागं फिरत फिरत शिकलेला. त्यांचा बँजो म्हणजे एक फळी, तिच्यावर टाइपरायटरसारखी बटणं, खाली एकच सिंगल कॉइल, वायरला चिकटपट्टी. तोही गुंऽऽ करतो. पण ते वाजवायला लागले की गुंऽऽ ऐकू येत नाही. हे शास्त्राला धरून नाही.

मी वाजवलं. धुळाप्पांनी डोळे मिटून ऐकलं, मग विचारलं, मालक, रोज किती येळ बसता? मी सांगितलं, मामा, प्रश्न बसण्याचा नाही, टोनचा आहे. व्हय व्हय म्हणाले आणि चहा पिऊन घेतला. अडाणी माणसाशी काय बोलणार?

१८ मार्च

चूक सापडली! वरात उघड्यावर. तिथं भरीव लाकडाचं काम नाही. पोकळ गिटार पाहिजे, हॉलो बॉडी. लाकडाच्या पोटात हवा खेळते, आवाज उबदार होतो. लाकडानं किती फरक पडतो यावर जाणकारांत भांडणं आहेत. मी लाकडाच्या बाजूचा.

शिवरंजनी बस्त्यासाठी वाशीला गेलेली. चहा करायला आत गेलो आणि समोर काठवट! कडुलिंबाची, एका लाकडातून कोरलेली. भाकरीचं पीठ मळून मळून आतून गुळगुळीत. आण्णासाहेबांनी बांधावरचा लिंब पाडून लेकीच्या रुखवतात दिलेली. सतरा वर्षं वाळलेलं लाकूड, आयतं पोकळ. आणि आम्ही त्यात पीठ मळतोय! सासऱ्यांच्याच लिंबावर त्यांच्याच दारात वाजवीन तेव्हा त्यांना कळेल जावई काय चीज आहे.

सुताराकडं नेऊन दिली. तो म्हणाला, वहिनींना विचारलंय का? मी म्हटलं, तू करवत धर.

३० मार्च, गुढीपाडवा

सणासुदीला डोक्याला ताप. शिवरंजनी काठवट शोधतीय. सांगितलं, चीर पडली होती, सुताराकडं दिलीय. सुताराकडं आहे हे शंभर टक्के खरं आहे. बिचारी स्टीलच्या परातीत पीठ मळतीय. परात सरकते, भाकरीच्या कडा फाटतात. म्हटलं, दुसरी आणू. तर म्हणाली, दुसरी नको वो मला, तीच आणा, आण्णांच्या बांधावरची हाय ती.

मला लई वाईट वाटलं. खरंच वाटलं. म्हणून निश्चय केला, उद्यापासून रोज चार तास.

६ एप्रिल

तयार! पांढरीची मान चार स्क्रू काढले की सुटली, ती लावली. काळीची मान चिकटवलेली, ती सुटेना, तर तिचा फक्त हमबकर काढला. काठवटीच्या तोंडावर प्लायवूड, त्याला दोन भोकं. स्ट्रॅटची मान, लेस पॉलचा पिकअप, हॉलो बॉडीचं पोट. तिन्हींचं उत्तम ते एकीत.

सृष्टी म्हणाली, बाबा, आतून मधोमध लाकडाचा ठोकळा घाला, नाहीतर मोठ्या स्पीकरपुढं पोट थरथरतं आणि गिटार बोंबलते, व्हिडिओत दाखवलंय. मी म्हटलं, व्हिडिओ मीपण बघतो. ठोकळ्यानं ऊब जाते. आईला सांगू नको एवढंही बजावलं. म्हणाली, मी कशाला सांगू, ती स्वतःच सांगंल.

१९ एप्रिल

उद्या वरात. शिवरंजनी दहा तारखेपासून माहेरी. एकूण प्रॅक्टिस: सहा तास. त्यात सूर लावण्याचे चार. तीन सूर पक्के आहेत, चौथा मूडवर. लोक उगाच रियाझ रियाझ करतात. हत्यार चांगलं असलं की हात आपोआप चालतो.

२१ एप्रिल, सोमवार. वाशी, सकाळी

लिहावं वाटत नाही. तरी लिहितो.

संध्याकाळी गाडी आण्णासाहेबांच्या दारात लागली. मी वर, जाकीट घालून. मागं माणसाएवढे स्पीकर. बालाजीनं खूण केली. मी अजून तारेला बोटही लावलं नव्हतं आणि काठवट बोंबलायला लागली. हूंऽऽऽ वरून कींऽऽऽ वर गेली. नवरदेवाची घोडी उधळली. दिग्विजयला चौघांनी धरून उतरवलं. म्हातारी माणसं कानावर हात ठेवून ओट्यावर बसली.

धुळाप्पांनी उठून माझी वायर उपसली. कानात म्हणाले, मालक, आता नुसते हात हलवा, म्या हाय. दीड तास मी हात हलवत उभा होतो. लोक नाचले. दोघातिघांनी मला शाबास म्हणून अंगठा वर करून दाखवला. तेच जास्त लागलं.

आण्णासाहेबांनी गिटारकडं बघितलं. जवळ आले, चष्मा सारखा करून परत बघितलं. लिंब त्यांनी ओळखला. शिवरंजनी हातात ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी होती. ताट तिनं बहिणीकडं दिलं आणि आत गेली.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी, दुपारी ४

पहिली पंगत उठल्यावर शिवरंजनीनं गाडीवरनं काठवट आणली. अंगणात बसून पदरानं पुसायला लागली. प्लायवूड, तारा, भोकं सगळं पुसलं. मी जाकीट काढून ठेवलं होतं.

धुळाप्पा तिच्यापुढं बसले, ताई, बघू का जरा, म्हणाले. स्वतःचं उपरणं काढून दोन्ही भोकांतनं आत कोंबलं. छोटा ॲम्प लावला. गिटार मांडीवर आडवी घेतली, डाव्या हातात पाण्याचा स्टीलचा पेला, आणि पेला तारांवरनं सरकवत जात्यावरची ओवी वाजवली. त्यांच्या आईच्या तोंडची, म्हणाले.

काय आवाज होता! उबदार, गोल, लांब टिकणारा. मी अडीच महिने सांगत होतो तसाच, तंतोतंत. पंक्तीत वाढणाऱ्या बायका थांबल्या. शिवरंजनीच्या डोळ्यांतनं पाणी. आण्णासाहेब हळूच म्हणाले, माझा लिंब वाजायला की वो.

माझी छाती भरून आली. उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, डिझाइन माझं आहे.

सगळे माझ्याकडं वळले. नव्या व्याह्यांनी आण्णासाहेबांना विचारलं, हे कोण? आण्णासाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. सतरा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, हे आमचे जावई, कळंबला गिरणी आहे.

काठवट धुळाप्पांना दिली. शिवरंजनीनंच दिली. म्हणाली, मामा, तुमच्याकडंच राहू द्या, तुमच्याकडं बोलती ती. तिला आण्णासाहेब दुसरी करून देणार आहेत. जावयाच्या नजरंला पडू देऊ नको, असं बजावलं म्हणे.

२४ एप्रिल. कळंब, सकाळी ८

गिरणी उघडली. दळणं तुंबलेली.

भिंतीवर पांढरी टांगलीय. मान नाही, तारा नाहीत, नुसतं धड आणि तीन पिकअप. का कुणास ठाऊक, वायर जोडून ॲम्प चालू केला आणि इकडं मोटरचं बटण दाबलं. गुंऽऽऽ.

कडूबाई डबा टेकवून ऐकत उभ्या राहिल्या. चांगली पाच मिनिटं. म्हणाल्या, आज सुरात वाजवायलात बघा, आसंच रोज वाजवत जावा.

मी ज्वारी दळत होतो.